चाळीस तास आणि लाल पुस्तकं

२ एप्रिल, सकाळी ६:१०
सुट्टी सुरू! कॉलेजच्या फॉर्मला चाळीस तास समाजसेवेचं सर्टिफिकेट लागतं. मुदत ३० मे. त्याशिवाय फॉर्म घेतच नाहीत. चाळीस तास म्हणजे आपल्या हातचा मळ. शिवाय कोडिंग, फ्रेंच, रोज पळणं. चार रंगांत टाइमटेबल केलं. दमलो. झोपतो.

९ एप्रिल
टाइमटेबल लॅमिनेट करून आणलं. आता माघार नाही.

२१ एप्रिल
पळणं रद्द. बूट चावतात. फ्रेंच जोरात, ॲप डाउनलोड झालं. आई म्हणाली, लायब्ररीतल्या बाईंना मदतीला मुलं हवीयत, उद्याच जा. उद्या म्हणजे जरा घाईच होते.

५ मे
गेलो एकदाचा. धाकट्या बहिणीलाही नेलं. ती नववीत, तिला कुठला फॉर्म? पण घरी नुसती लोळते. बाईंनी पुस्तकं नंबराप्रमाणे लावायला सांगितली. कुठल्या जमान्यात आहेत या! मी अख्खी भिंत रंगाप्रमाणे लावली. काय झकास दिसते! तीन तास भरले.

६ मे
एका आजोबांना हृदयविकारावरचं पुस्तक हवं होतं. तासाभराने सापडलं, केक-बिस्किटांच्या पुस्तकांत. दोन्ही लालच. आजोबा भयंकर चिडले. हृदयाला हे बरं नाही. बाई म्हणाल्या, सगळं होतं तसं लाव, आजचे तास धरणार नाही. पुढाकाराची कदरच नाही कुणाला!

७ मे
पोटात दुखतंय. धाकटीला एकटीला पाठवलं.

१५ मे
अजून दुखतंय. आइस्क्रीम तेवढं जातं. धाकटी रोज जाते, म्हणते नंबर लावायला मजा येते. कसं व्हायचं या पोरीचं!

२८ मे
बाईंना म्हटलं, उरलेले सदतीस तास धरून टाका, मनाने मी इथेच होतो. बाई म्हणाल्या, रजिस्टरात तीन आहेत, तीनच लिहीन. आता मात्र पोटात खरोखरच गोळा आला.

३० मे, संध्याकाळी ५
घरात सर्टिफिकेट आलं. एक्कावन्न तासांचं, सही-शिक्क्यासकट. धाकटीच्या नावाचं. कामाचं स्वरूप : ‘थोरल्या भावाने रंगाप्रमाणे लावलेली पुस्तकं पुन्हा जागेवर लावली.’

रडूच आलं. मग लक्षात आलं, माझाही उल्लेख आहे की यात! आईला विचारलं, हेच फॉर्मला जोडू का? धाकटी म्हणाली, जोड, पण झेरॉक्स जोड. ओरिजिनल मला लागेल.