हातचं राखलेलं तेल

प्रॉव्हिडन्स,
शनिवार, २१ मार्च १९९८

प्रिय योली,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मी बरी आहे. गुडघा कुरकुर करतो, पण जिना चढू देतो. बर्फ गेलं एकदाचं. मागच्या अंगणातलं अंजिराचं झाड याही थंडीतून वाचलं; डिसेंबरातच त्याला जुन्या सतरंज्या गुंडाळून वर बादली पालथी घातली होती. समोरची मिसेस पेट्रार्का रोज विचारते, "योलांडा कधी येणार?" मी म्हणते, बघू.

रेसारखा नवरा गेल्यापासून घर खायला उठतं, असं तू लिहिलंस. क्लीव्हलँडचं घर विकून इथे माझ्याकडे कायमचं राहायला यावं, मम्माची खोली रिकामीच आहे, दोघी बहिणी मिळून म्हातारपण काढू, असंही लिहिलंस. ते वाचून मी काय केलं माहीत आहे? त्या खोलीचे पडदे धुतले. इस्त्री करून परत लावले. पलंगाखालची मम्माची औषधांची खोकी बाहेर टाकली. उत्तर त्याच दिवशी लिहिलं असतं, तर दोन ओळींत संपलं असतं.

पण गुरुवारी सेंट जोसेफचा सण झाला.

चर्चच्या हॉलमध्ये नेहमीसारखं टेबल मांडलं होतं. पाव, डाळी, मासे, तळलेले गोड गोळे, सगळं. आपल्या घरचं पावासोबतचं तेल दरवर्षी असतंच, यंदाही न्यायचं होतं. मम्मा गेल्यानंतरचा पहिला सण, म्हणून तुझी डेनिस रजा काढून बुधवारी दुपारीच वुस्टरहून मदतीला आली. गुणी आहे तुझी पोर, हे मी अजूनही म्हणते.

ती म्हणाली, "मावशी, तू पाव काप, तेल मी करते."

तिने वाडग्यात सुका ओरेगानो, रोजमेरी, ठेचलेली बडीशेप, लाल मिरचीचा चुरा आणि मीठ घेतलं. इथपर्यंत ठीक. मग छोट्या भांड्यात व्हिनेगर गरम केलं, त्यातले दोन चमचे त्या कोरड्या पाल्यावर ओतले आणि वर बशी झाकून ठेवली.

"हे काय गं करतेस?"

"काय म्हणजे? पाला आधी भिजायला नको का? कोरड्यावरच तेल ओतलं तर त्याचा वास कोंडून राहतो, मीठही तळाशी बसतं. आजीची पद्धत आहे."

"तुला कुणी शिकवली?"

"आईने. कुणी म्हणजे काय!" मग ती हसली. "आई म्हणायची, मावशीच्या समोर मात्र करायचं नाही. मला वाटायचं, तुमची बहिणींची काहीतरी जुनी गंमत आहे. आजीने म्हणे आईच्या लग्नाच्या वेळी सांगितलं होतं, एर्सिलियाला, म्हणजे तुला, सगळंच जमायला लागलं तर ती इथे कशाला राहील?"

हे ती ओटा पुसता पुसता बोलली. मग माझ्याकडे पाहिलं आणि फडकं खाली ठेवलं.

पाच मिनिटांनी तिने बशी काढली, किसलेला लसूण घातला, तेल ओतलं. मी पावाचा तुकडा बुडवून तोंडात टाकला. योली, ती मम्माची चव होती. मी तिथेच खुर्चीत बसले आणि पोरीसमोर रडले. दुःखाने नाही, नुसत्या संतापाने.

मम्मा शेजारणींना पाककृती कशा द्यायची, आठवतं ना? प्रत्येकीला एक गोष्ट कमी सांगून. पेट्रार्काबाईंना तांदळाच्या केकमधली संत्र्याची साल सांगितली नाही, तिच्या सासूला सॉसमधली लवंग. बाया आभार मानत निघून जायच्या आणि आपण दोघी फडताळाच्या आड तोंड दाबून हसायचो. परक्यांना हातचं राखून द्यायचं, घरच्यांना सगळं, हा मम्माचा कायदा होता. मी स्वतःला घरची समजत होते.

आता दर रविवार डोळ्यांसमोर येतो. आठची प्रार्थना झाली की मम्मा मला सांगायची, "जा, बेकरीत पाव गरम आहे तोवर घेऊन ये, तोवर मी तेल बघते." वीस मिनिटं जायला-यायला. मी पाव घेऊन यायची तोवर तेल ताटलीत ओतलेलं असायचं. कितीतरी वर्षं मला वाटलं, लेकीने आणलेला गरम पाव तिला आवडतो! मग तिचे हात थरथरायला लागले आणि तेल माझ्याकडे आलं. मी करायची, ती चाखायची, मान तिरकी करायची आणि म्हणायची, "जवळपास." नऊ वर्षं, योली. तिला अंघोळ मी घातली, नखं मी कापली, तिचे पाय चोळले, आणि दर रविवारी तिने मला "जवळपास" म्हटलं. मी महागातलं तेल आणलं. ओरेगानो कुंडीत लावून घरी वाळवला. तू सुट्टीत यायचीस तेव्हा समोर बसून हे सगळं बघायचीस. एकदा तर म्हणालीस, "अगं, मीठ जरा कमी पडलं असेल." मीठ!

काल दिवसभर मी हे पत्र इथेच थांबवायचं ठरवलं होतं. तेलावरून भांडलो, असं म्हटलं तर लोक हसतील, आणि कदाचित आपणही हसलो असतो. पण सिल्व्हिओचं नाव काढल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही.

दागिन्यांच्या कारखान्यात मी पिना लावायची तेव्हा तो साचे बनवायचा. त्याला रॉचेस्टरला नोकरी लागली आणि तो मला मागणी घालायला घरी आला, १९६६ चा ईस्टर. तू डेनिसला कडेवर घेऊन आली होतीस. तो गेल्यावर मम्मा काय म्हणाली, ते तुलाही पाठ असेल. "कुठे निघालीस? अजून साधं तेल कालवता येत नाही तुला. दुसऱ्याच्या घरात जाऊन काय संसार करणार?" मी एकोणतीस वर्षांची घोडी, मान खाली घालून उभी राहिले, कारण मला ते खरं वाटलं. तेल खरंच जमत नव्हतं ना! मी त्याला कळवलं की अजून एक वर्ष थांब. तो सहा महिने थांबला.

तू तेव्हा ओट्यापाशी ताटल्या पुसत होतीस. तुझ्याकडे बघितलेलं मला आठवतं. तू ताटलीकडे बघत होतीस.

एक वाक्य पुरलं असतं. "मम्मा, तिला व्हिनेगरचं सांग ना." एवढंच. पण तू मूग गिळून बसलीस. मी इथे राहिले म्हणून तुला क्लीव्हलँडला सुखाने राहता आलं, म्हातारीची काळजी करावी लागली नाही. दोघींनी मिळून केसाने गळा कापला माझा. सिल्व्हिओबरोबर मी सुखी झाले असते, असं मी म्हणत नाही. कदाचित गेलेही नसते. पण ते मला माझं मला कळू दिलं नाही तुम्ही.

गुरुवारी हॉलमध्ये फादर म्हणाले, "यंदा तेल काय झालंय!" बायका माझ्याभोवती जमल्या. मी खुर्चीवर चढून सगळी कृती सांगितली, व्हिनेगरसकट, मापासकट. त्यांनी कागदी रुमालांवर उतरवून घेतली. पेट्रार्काबाईला मी संत्र्याच्या सालीचंही सांगून टाकलं. डेनिस घाबरून माझी बाही ओढत होती. तिला रागावू नकोस. या सगळ्यात माझ्याशी खरं बोललेली ती एकटीच.

तर तुझ्या पत्राचं उत्तर. राहायला येऊ नकोस.

मम्माच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या प्रार्थनेला ऑक्टोबरात जरूर ये. माझ्या शेजारच्या बाकावर बस. जेवायला घालीन, पोटभर घालीन. संध्याकाळी डेनिसकडे वुस्टरला जा. मम्माच्या खोलीत आता मी झोपते. तिथे सकाळचं ऊन येतं.

मम्माला मी हळूहळू माफ करीन. ती मेली आहे, तिच्याशी भांडायचं कसं? तू जिवंत आहेस, योली. तुला बत्तीस वर्षं तोंड होतं.

पत्राखाली मी नेहमी "तुझीच" लिहिते. आज नुसतं नाव लिहिते.

एर्सिलिया