सांध्यावरचा थर

९ ऑक्टोबर १९९७

बॅटरीत पाणीच नाही म्हणे! ना आम्ल, ना खळखळ. सगळंच घट्ट. मी थक्क!

सूनबाईने, तेजस्विनीने, आज चहा घेता घेता सांगितलं. तिची पीएच.डी. ह्याच्यावरच. एक थर लिथियम नावाच्या मऊ धातूचा, दुसरा काचेसारखा कडक. एकमेकांवर दाबून बसवलेले. "नाना, भानगड सगळी सांध्यावर असते. दोन थर टेकतात ना, तिथेच." मग तिथलं बघायचं कसं? तर आधी न कापता बारीक एक्स-रे. मग कापून इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्मदर्शकाखाली. एकात सगळं दिसतं पण पुसट, दुसऱ्यात लख्ख पण तीळभरच. म्हणून दोन्ही चित्रं एकावर एक ठेवायची, खुणेला खूण जुळवून. आपल्या सुरतेत साडी छापताना एका रंगावर दुसरा बसवतात, अगदी तसंच!

मला संधिप्रकाशावरची ती कविता आठवली. सातवीला शिकवायचो. दिवस आणि रात्र टेकतात तिथला तो रंग... वर्ग गप्प व्हायचा. मागच्या बाकावरचा निंबासुद्धा, ज्याला गप्प बसवणं देवाच्याही हातात नव्हतं.

मुंबईला एक्स-रे झालेत. तिथेच सूक्ष्मदर्शकाची पाळी चौदा तारखेला. किती महिने थांबून मिळालेली! मार्चला शिष्यवृत्ती संपते, आणि हाती अजून काही नाही. "ह्या वेळी काही दिसलं नाही ना, तर सोडून देईन, नाना." बोलली हसतच. बोटं मात्र कपाभोवती गच्च.

१० ऑक्टोबर

कॉलेजला सुट्टी, प्रयोगशाळेला कुलूप. तेजस्विनीने बॅटरीच्या बटणाएवढ्या तुकड्याची डबी घरी आणली. दसऱ्याला माहेरी नवसारीला जाताना सासूच्या, आमच्या शकुंतलेच्या, हाती दिली. "आई, जिवापाड जपा हं. माझं सगळं ह्यात आहे."

११ ऑक्टोबर. दसरा

पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली. हात थरथरतो आता, सरस्वती जरा वाकडी आली. असो.

शकुंतलेने पाटावर माझा शब्दकोश मांडला, मुलाचं, अभिजीतचं, बँकेतलं पेन, तिची शिवणाची कात्री — आणि मधोमध तेजस्विनीची डबी. झाकण उघडून! मी म्हटलं, "अगं, बंदच राहू दे की." तर म्हणते, "जपायची वस्तू देवापुढे झाकून कशी ठेवायची? तिची विद्या आहे ती." फुलाने पाणी शिंपडलं. हळद, कुंकू, अक्षता. मग पदराने हलकेच पुसून झाकण लावलं.

मला भरून आलं. आमच्या आईने सुनेला पाटीला हात लावू दिला नव्हता. इथे सासू सुनेच्या विद्येची पूजा करते आहे! अशा क्षणावर कुणी कविता का लिहीत नाही?

१३ ऑक्टोबर

तेजस्विनी डबी घेऊन मुंबईला गेली. शकुंतलेने हातावर दही दिलं.

१७ ऑक्टोबर. चंदनी पडवो

थर सापडला!

एक्स-रे काढला तेव्हा नव्हता, आणि आता सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ! दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली तेव्हा सांध्यावर पांढरट पट्टा आणि त्यात गोल गोल दाणे. असा थर आजवर कुणी पाहिलेला नाही, असं तिचे सर म्हणाले. नुसता ठेवल्या ठेवल्या आपोआप उगवला म्हणे! लगेच लिहून परदेशी मासिकाला पाठवायचं.

सारी सुरत आज घारी, ती तुपात थबथबलेली मिठाई, खाते. अभिजीतने किलोभर आणली. मी सांध्याबद्दल दोन शब्द बोलायला उभा राहिलो, तर म्हणतो, "नाना, कविता पछी! आधी घारी घ्या ने!" सगळे हसलो. तेजस्विनीने घारीचा तुकडा तोडला आणि बशीतच ठेवला. दमली असेल.

१९ ऑक्टोबर

हे देवा.

अभिजीत दाढी करता करता सहज बोलला. पावसाळ्यात तेजस्विनीचं काम बंद का असतं, हे मी विचारलं होतं. "लिथियमला थेंबभर पाणी लागलं ना नाना, की खलास! वर पांढरा थर धरतो."

थेंबभर पाणी!

दुपारभर खुर्चीत बसून होतो. शेजारच्या लूमची खडखड छातीत ऐकू येत होती. ते गोल दाणे — ती हळद! त्या अक्षता! परदेशातले विद्वान आमच्या दसऱ्याची हळद न्याहाळणार!

२० ऑक्टोबर

शकुंतलेला सांगितलं. आधी कळेचना. मग मटकन बसली. "अहो, मी पूजा केली हो... पूजेने कधी कुणाचं वाईट होतं का?"

जेवली नाही. संध्याकाळी म्हणाली, "मीच सांगते तिला. खोटं तिच्या नावावर नको."

२१ ऑक्टोबर

सांगितलं. शकुंतला सुनेच्या पायाशी वाकली — सासू, सुनेच्या पायाशी! तेजस्विनी पांढरीफटक. "आई, उठा. उठा ना." मग एवढंच, "हे कुणाला सांगू नका."

मी विचारलं, "लेख?"

"काल पाठवला, नाना."

"मग परत मागव. सरांना सांग. चूक आमची आहे, तुझी नाही."

ती आत निघून गेली. अभिजीत मात्र आईवर तुटून पडला. "जिथे तिथे हळदकुंकू! तीन वर्षं पाण्यात घातलीस तिची!"

माझ्या डोळ्यांपुढे एकच — ही पोर कोसळणार. आणि कोसळवली कुणी? आम्ही.

२३ ऑक्टोबर

तेजस्विनी आज गच्चीवर माझ्याजवळ येऊन बसली. माझ्याकडे न बघता बोलली.

"नाना, अगदी तसाच दुसरा तुकडा मी एक्स-रेच्या वेळी मुंबईलाच ठेवला होता. चौदा तारखेला तोही बघितला. त्याच्या सांध्यावर काहीच नव्हतं. म्हणजे थर आपोआप उगवलेला नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. ती चित्रं मी सरांना दाखवली नाहीत."

खाली अभिजीत अजून आईलाच बोलत होता. तेजस्विनी ऐकत राहिली. मीही.