सूक्ष्मदर्शकाची दुसरी नळी

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
शेतोपयोगी लघुयंत्र प्रयोग केंद्र,
जळगाव.

विषय : डोक्याला बांधायच्या सूक्ष्मदर्शकाची काढलेली दुसरी नळी पूर्ववत बसविण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : यंत्राचे वजन कमी करण्याविषयी आपल्या केंद्राचे पत्र (जावक क्रमांक पुसट उमटल्याने वाचता आला नाही).

महोदय,

मी, अभिमन झुलाल महाजन, राहणार चोपडा, शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. केळीच्या पानामागची लाल कोळी ही बारीक कीड बागेतच दिसावी आणि हात मोकळे राहावेत, म्हणून मी पट्ट्याने डोक्याला बांधायचे छोटे सूक्ष्मदर्शक तयार केले. माप माझी पत्नी सौ. सारिका हिच्या कपाळाचे घेतले, कारण बाग तीच पाहते. मूळ यंत्रास दोन नळ्या होत्या. एकीतून ती पाहत असे, दुसरीतून शेजारी उभा राहून मी. त्यासाठी डोक्याला डोके लावावे लागे. ही यंत्राची त्रुटी नव्हती, हे नम्रपणे नमूद करतो.

आपल्या केंद्राने वजनाने मान दुखते असे कारण दाखवून ती नळी काढावयास लावली व तिच्या जागी बोटाच्या पेराएवढा कॅमेरा बसविला. तेव्हापासून सौ. जे पाहते ते तत्क्षणी फोटोरूपाने धुळ्यास आपले क्षेत्र सहायक श्री. हिलाल यांच्या मोबाईलवर दिसते. मी हातभर अंतरावर उभा असून मला पट्ट्याचे बक्कल तेवढे दिसते.

श्री. हिलाल यांच्याविरुद्ध माझी वैयक्तिक तक्रार नाही. मात्र ते प्रत्येक फोटोला "वा ताई, नजर भारी!" असे उत्तर पाठवितात. करपा आला तरी "वा"! हे कार्यालयीन कामकाजात बसते काय, याचा खुलासा व्हावा. सौ.ची नजर चांगली आहे हे मला लग्नापासून ठाऊक आहे. ते धुळ्याहून कळविण्याची गरज नव्हती.

गेल्या मंगळवारी सौ. पानाखाली पाहता पाहता एकटीच हसली. केळीच्या पानामागे हसण्यासारखे काय असते, म्हणून विचारले असता उत्तर मिळाले, "हिलालभाऊले धाडेल शे. त्यास्ना मोबाईलमा देखी ल्या." पाठविलेला तो फोटो मलाही पाहावयास मिळावा म्हणून मी मान खाली घालून धुळ्यास फोन केला. प्रकल्पाची माहिती त्रयस्थ व्यक्तीस देता येत नाही, असे श्री. हिलाल यांनी सांगितले.

महोदय, त्या बागेत मी त्रयस्थ झालो. माझा जळफळाट होतो, हे लेखी देण्यास मला संकोच वाटत नाही.

तरी दुसरी नळी परत बसविण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. कॅमेरा राहिला तरी चालेल, श्री. हिलाल यांनाही नोकरी करावयाची आहे. वजनाचीच अडचण असेल तर पट्टा काढून टाकू. सौ. पाहील तोवर यंत्र मी दोन्ही हातांनी धरून उभा राहीन. मग ते डोक्याला बांधायचे यंत्र उरणार नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे.

आपला नम्र व अधीर,
(सही)
अभिमन झुलाल महाजन

ठिकाण : चोपडा
दिनांक : १८ ऑगस्ट २०२५