मुंबईचा कॉम्प्युटर उघडेना

शनिवार, १२ नोव्हेंबर १९९४
दिवाळीची रजा संपली. कामावर हजर. आमच्या कारखान्यात नुसता पडदा आणि टाइप करायच्या कळा, खरा कॉम्प्युटर मुंबईला हेड ऑफिसात. फोनची लाइन जोडायची, आपलं नाव आणि पासवर्ड टाकायचा आणि मालाचा साठा कळवायचा. पासवर्ड एकट्या मला ठाऊक. आज टाकला. चूक, असं उत्तर आलं. पुन्हा टाकला. चूक.
म्हणजे रजेवर जाताना मी तो बदललेला असणार. माझा सावध स्वभाव. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, कुठेही लिहू नका. लिहिलेला नाही. उद्या आठवेल.

रविवार, १३
आमची सुट्टी शुक्रवारची, म्हणून आज काम. गावाचं नाव टाकलं, मुलाचं टाकलं, मोहटादेवीचं टाकलं. चूक. तीनदा चुकलं की लाइन कटते.
घरी बायकोने, नर्मदेने विचारलं, माझं नाव टाकून बघितलं का. उद्या टाकतो म्हणालो. भाजी सपक होती.

मंगळवार, १५
साहेबांना सांगितलेलं नाही. विसरलो म्हटलं की इनचार्जची खुर्ची जाईल. खुर्ची गेली की कंपनीची खोली गेली, पोराची शाळा गेली, थेट गावाकडे, नगरची गाडी.
पण तसं काही होत नाही. साहेब आपणहून म्हणाले, झुंबरराव, काही दिवस स्टोअरमध्ये बसा, कॉम्प्युटरची खोली टायपिस्ट दमयंतीबाई बघतील. डोक्याला शांतता हवी हे त्यांनी न सांगता ओळखलं. देवमाणूस.
आमचा कुंभवलीचा शिपाई देवू, त्याने चहा दिला नाही. विचारलं तर म्हणाला, तुमचा चा बंद करायला सांगलाय सायबांनी. माझ्या ॲसिडिटीची किती काळजी!

बुधवार, १६
आठवला नाही. स्मरणशक्तीसाठी रोज बदाम खायचं ठरवलं. शेंगदाणे आणले.

गुरुवार, १७
काचेतून पाहिलं. दमयंतीबाई पडद्यासमोर भराभर टाइप करत होत्या. टायपिस्टला बोटं चालू ठेवावी लागतात.
देवू जवळ येऊन हळूच म्हणाला, सायेब, तुमी मुंबईला एक फोन लावा ना. इकडं तुमाला कोण काय सांगनार नाय. त्याच्या तोंडाकडे बघवेना. त्यालाही कळलं तर, मी विसरलोय ते!
उद्या इथे सुट्टी, मुंबई चालू. बाहेरून गुपचूप फोन करून नवा पासवर्ड मागायचा. शनिवारी सकाळी खुर्चीत.

शुक्रवार, १८, दुपारी
बोईसर स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवरून फोन केला. हेड ऑफिसच्या कॉम्प्युटर खात्यातला माणूस बोलायला सभ्य. नाव विचारलं, थांबायला लावलं. मग म्हणाला, आपका नाम तो दिवाली के पहले ही निकाल दिया है, किसी ने बताया नहीं क्या? नोकरीतूनच निघालंय, महिनाअखेरीस साहेब सांगणार होते म्हणे.
म्हणजे पासवर्ड मी बदललाच नव्हता. शनिवारी टाकला तोच बरोबर होता. मी काहीही विसरलेलो नाही.
फोन ठेवायचा राहिला. बूथवाल्याने हातातून काढून घेतला.

संध्याकाळी
नर्मदेला सगळं सांगितलं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.
तिने विचारलं, उद्या डबा करायचा का.
हो म्हणालो.