ढेमश्या मरते तो एपिसोड

१८ नोव्हेंबर, मंगळवार
ढेमश्याचा पंखा पुन्हा जाम. खदानीतली पांढरी धूळ बेअरिंगमध्ये जाऊन बसते. साफ केलं की दोन सीन होत नाई तं परत तेच रडगाणं. गडचांदूरकडच्या या बंद चुनखडीच्या खदानीले आपण 'सातवा ग्रह' म्हणतो, पण ग्रह आपल्याले काही मानून नाई राह्यला.

तरी ढेमश्यावर जीव आहे माहा. जुन्या कूलरचा पत्रा ठोकून पोट गोल केलं, हिरवा रंग मारला, छातीत कूलरचाच पंखा. भाजीतल्या गोल ढेमसासारखा दिसते म्हून ढेमश्या. चॅनल म्हणे हा कसला रोबो! आता पोरायले सिरीयलीत दुसरं कोणी नाईच पाह्यजे.

दुपारी चॅनलच्या मॅडमचा मुंबईहून फोन. शेवटचा एपिसोड वाचला. आवडला. पण. "प्रज्ञा, शेवटी ढेमश्या गेला पाहिजे. कायमचा. मुलं रडली पाहिजेत." म्हणजे त्यानं आपली सगळी बॅटरी यानात टाकायची, ग्रहावर अडकलेली पोरं घरी पोचतील, हा इथीच बंद पडंल. मी म्हटलं, आन् दुसरा सीझन आला तं? "आला तर बघू."

बघू म्हणजे काय ते मले माहीत आहे. बाबा पण सायकलीचं बघूच म्हणायचे.

१९ नोव्हें., बुध
तुळशीरामभाऊले सांगायचं लय जिवावर आलं. चाळीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकात विनोदी पार्ट करणारा माणूस, माह्यासाठी त्या डब्यात बसून उकडते (आतून वाळ्याच्या ताट्या लावल्या, तरी), आन् मी त्याले काय सांगू, भाऊ, तुमचा रोबो मेला?

चहाच्या वेळेले सांगितलं एकदाचं. बशीतला चहा तसाच. मले वाटलं, झालं, आता डबा सोडून घरी जाते हा माणूस. तं म्हणे, "खरंच मरू देतं का मले?"

"म्हणजे?"

"पोरी, झाडीपट्टीत हिरो मरते, व्हिलन मरते, हिरोची माय तं पह्यल्या अंकातच मरते. लोक रडते, वन्स मोर देते, आन् मेलेला उठून पुन्हा मरते. विनोदी पार्टवाला कधीच मरत नाई. चाळीस वर्षं लोकायले हसवून घरी धाडलं. एक मरण नाई भेटलं मले."

आता घ्या! मी तिकडं त्याले जिवंत ठेवायले भांडून राह्यली आन् हे इथी मरायले तयार. वरून म्हणे, मॅडमले नाई म्हणू नको हं.

२० नोव्हें., गुरु
ओवीले स्क्रिप्ट वाचून दाखवली. आमची हिरोईन. वय नऊ, राहणार ऊर्जानगर, स्वभाव तिच्या आईले विचारा. तिनं कागद माह्या मांडीवर आपटले.

"मी नाई करत. त्याचा चार्जर कुठी आहे?"

"बेटा, त्या ग्रहावर लाईटच नाई."

"मंग आमच्या इथून न्या ना. ऊर्जानगरात तं लाईटच लाईट आहे."

मी पण तिथल्याच क्वार्टरमध्ये वाढली, बाबा पॉवर स्टेशनात होते. विज्ञानाची मालिका म्हून मिरवतो आन् एका पोरीच्या प्रश्नाले उत्तर नाई. कॅमेऱ्यावरचा इरफान तोंड फिरवून हसत होता. दुष्ट.

संध्याकाळी तिचा निरोप आला, आईच्या फोनवरून. करते. पण रडणार नाई. डोळ्यात ग्लिसरीन टाकलं तं पळून जाईन.

म्हणजे हिशोब असा: चॅनलले मरण पाह्यजे, भाऊले मरण पाह्यजे, ओवीले नको, मले नको. दोन-दोन. आन् म्हणे डायरेक्टर मी.

२१ नोव्हें., शुक्र
नवीन भानगड. शेवटच्या सीनले ग्रहावरचे लोक पाह्यजे, चांगला जमाव. इथल्या गावात विचारलं तं सगळे कापूस वेचायले. "पुढच्या आठवड्यात या ना बाई." पुढच्या आठवड्यात भाऊ नाई! २५ ले ते वडश्याले जाते, नाटक कंपनीत, मंग होळीपर्यंत नाव नको. २४ ले झालं तं झालं.

भाऊच म्हणाले, "माह्या गावचे आणतो. मूल तालुक्यात धान कापून झाले, लोक रिकामेच हायेत."

इरफानले शंका, की हे लोक कॅमेऱ्यात पाहतीन. भाऊ भडकले. "अरे बाबा, नाटक पाहण्यात आमच्या गावचा हात कोणी धरत नाई! पोरगं मांडीवर झोपलं तरी बाया नजर हलवत नाई!"

बरं वाटलं. एक तरी काम सरळ होऊन राह्यलं.

२३ नोव्हें., रवि
आज सुट्टी, तरी भाऊ मरून राह्यले. गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात. सकाळी नाश्त्याच्या आधी एकदा, नंतर एकदा. चौकीदार घाबरून पाणी घेऊन धावला.

पह्यलं मरण तं इतकं जोरात की पार शेवटच्या रांगेले ऐकू जाईल. मी म्हटलं, भाऊ, इथी रांग नाई, कॅमेरा हातभर अंतरावर आहे. तं म्हणे, "तोंड डब्यात, आवाज बारीक, मंग मरू कायनं?"

खरी गोष्ट. भाऊ आपले दोन्ही हात पाह्यत म्हणाले, "हातानं मरतो."

डबा घातला. पंखा सुरू. बटण मी दाबलं, पंखा हळूहळू मंद व्हायले लागला, आन् भाऊची बोटं त्याच्यासंगं. एक-एक बोट उघडत गेलं. आधी हवेत काही धरून ठेवल्यासारखी होती, मंग सोडून दिल्यासारखी. शेवटच्या बोटाले पंखा थांबला.

माहा चहा थंड झाला. डब्यातून आवाज: "जमलं का वो?" हाव भाऊ. जमलं. आता मले मॅडमशी भांडायची पण इच्छा नाई राह्यली. हे मरण या माणसाले भेटलंच पाह्यजे.

२४ नोव्हें., सोम
घसा बसला. बोटं निळी. लिहितेच.

भाऊच्या गावचे लोक दोन गाड्या भरून आले. चेहऱ्यायले निळा रंग लावायचा होता, बाया लाजत होत्या. तेवढ्यात शेवंताबाई म्हून एक म्हातारी पुढं आली. "निळा तं आपलाच रंग हाय, पोरी. लाव भरपूर!" जय भीम म्हणाली आन् बसली खुर्चीवर. मी पण जय भीम. मंग रांगच लागली. अंगावर चंदेरी प्लास्टिक, पायात तेच स्लीपर. स्लीपर फ्रेममध्ये नाई घ्यायचे, ठरलं.

मी सगळ्यायले समजावून सांगितलं: हालायचं नाई, बोलायचं नाई, ढेमश्या मरते, तुम्ही पाह्यचं. सगळे हाव म्हणाले.

सूर्य खदानीच्या काठाले आला. एकच टेक होण्यासारखा उजेड. अ‍ॅक्शन.

बापा रे, काय मेले भाऊ! ओवीनं हात धरला होता, भाऊची बोटं तिच्या हातात उघडत गेली. आन् ती पोरगी, जिनं रडणार नाई म्हून शपथ घेतली होती, तिचं तोंड वाकडं झालं, नाक वाहायले लागलं. पंखा थांबला. अख्खी खदान चूप. मी कट म्हणायले तोंड उघडलं—

"वन्स मोर!"

शेवंताबाई. मंग सगळेच. निळे हात वर, शिट्या, टाळ्या, वन्स मोर, वन्स मोर! आन् चाळीस वर्षं या आवाजासाठी थांबलेला माणूस डब्यासकट उठला. वाकून नमस्कार केला. पंख्याचं बटण स्वतःच दाबलं. आन् पुन्हा मेला. पह्यल्यापेक्षा भारी. परत वन्स मोर! तिसऱ्या मरणाले बॅटरी खरीच उतरली, सूर्य गेला, आन् ओवी रडता-रडता इतकी हसली की डब्याले मिठी मारून खालीच बसली.

मी ओरडली. लय ओरडली. "हे नाटक नाई! शूटिंग आहे!"

शेवंताबाई कंबरेवर हात ठेवून उभी. "एवढा चांगला मेला, तं वन्स मोर नाई द्याचा? काही माणुसकी?"

भाऊ डब्यातून डोकं काढून माह्याकडे पाह्यत होते, चोरी पकडल्यासारखे. आन् चेहरा असा फुलला होता की मले रागावताच नाई आलं पुढं.

इरफाननं कॅमेरा बंदच केला नव्हता.

२५ नोव्हें., मंगळ
फुटेज पाह्यलं. पह्यलं मरण साफ आहे, 'वन्स मोर'च्या आधी कापता येते. वाचलो.

पण पुढचं पाह्यलं आन्... ढेमश्या उठते तवा ओवीचा चेहरा. हे लिहून देता आलं नसतं मले, सात जन्मात नाई. इरफान म्हणे, "यही एंडिंग है." दोन शेवट करून पाठवते. एकात पंखा थांबते, बस. दुसऱ्यात लोक ओरडते आन् तो उठते.

भाऊ दुपारच्या गाडीनं वडश्याले गेले. जाता-जाता विचारलं, "रडलं का कोणी?"

"मी रडली, भाऊ."

"बस. झालं मंग," म्हणाले, आन् पिशवी उचलली. स्टँडवरून येताना मलेच चुकल्यासारखं वाटत होतं.

३ डिसेंबर, बुध
मॅडमचा फोन. पह्यला शेवट पास. दुसरा? "गोंधळ वाटतो गं. लोक मध्येच ओरडतात काय!" मी अर्धा तास बोलली. ओवीचा चेहरा पाहा म्हटलं, परत पाहा. "सीझन टू झाला तर बघू."

या बघूचं लोणचं घालू का बरणीत?

१४ डिसेंबर, रवि
एपिसोड काल टीव्हीवर लागला. आज भाऊच्या गावात, शाळेच्या मैदानात, पडद्यावर. कबूल केलं होतं. ओवी पण आली, आईले घेऊन. दिवेलागणीले सुरू केला. स्वतःले निळं पाहून बाया इतक्या हसल्या की पह्यले दहा मिनिटं एक डायलॉग ऐकू नाई आला.

शेवटाले सगळे चूप. बोटं उघडली. पंखा थांबला. पडदा काळा. शेवंताबाई पदरानं नाक पुसून राह्यली.

आन् मंग पोरं. समोर बसलेली सगळी पोरं एकदम: वन्स मोर! वन्स मोर! मी पडद्याजवळ उभी, आन् माह्याजवळ पुढं काही नाईच, टीव्हीवर लागला तोच शेवट तेवढा आणलेला. पडदा काय उठून नमस्कार करते? पोरं ऐकायले तयार नाईत, माहे डोळे भरून आले, आन् त्या मॅडमचा असा राग आला—

मागून कोणीतरी उठलं. भाऊ. शेजारच्या गावात आज त्याईचं नाटक, अर्धा मेकअप करून आले होते, एका गालाले लाली, एका गालाले नाई. पोरं वळून पाहायले लागली.

मी म्हटलं, "भाऊ, एवढं हौसेनं मेले. आता?"

"मराची हौस फिटली, पोरी," भाऊ म्हणाले. "आता उठाची लागली. उठू का?"

ते माह्या हातात आहे का? ओवी मात्र खुर्चीवर चढली होती. तिनं आईच्या पर्समधला मोबाईलचा चार्जर काढून वर धरला. "मी आणला! उठा!"

भाऊनं हात वर केले. बोटं मिटली, एक-एक करून. मैदान नुसतं पेटलं.

इरफाननं सगळं मोबाईलवर घेतलं. मी ते मॅडमले पाठवलं, खाली लिहिलं: आमच्याकडे वन्स मोर आला की उठाच लागते. दोन निळ्या टिक आल्या, म्हणजे पाह्यलं. उत्तर नाई अजून.

उद्या ढेमश्याच्या पंख्याचं बेअरिंग बदलायले टाकते.