दोन मुले, चार जनावरे आणि पडद्याची खोली

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, पूर्वी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आणि हल्ली घरीच, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दलचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला माणसांच्या डॉक्टरांचा आहे, जनावरांच्या नव्हे. माझ्या भावाने हवी तर खात्री करून घ्यावी. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही, कारण मला मरायची घाई नव्हती. आता माझ्या फुप्फुसांना आहे. डॉक्टरांनी वर्षभराची मुदत दिली. देताना ते खिडकीबाहेर बघत होते, म्हणून मी ती थोडी कमीच धरते.

१. माझे यजमान सुतार होते. ते नऊ वर्षांपूर्वी वारले. आम्हाला स्वतःचे मूल नाही. बालकल्याण कार्यालयाकडून काही महिन्यांसाठी आलेली तेरा मुले आधी आम्ही दोघांनी आणि नंतर मी एकटीने सांभाळली. त्यांतली शेवटची दोन आज या घरात आहेत: सात वर्षांची मुलगी आणि तिचा चार वर्षांचा भाऊ. कार्यालयाच्या नियमामुळे कोणाही मुलाचे नाव येथे लिहीत नाही. सगळी नावे वेगळ्या बंद पाकिटात आहेत. मुलीला मी चौकशी म्हणते, कारण ती दुसरे काही करत नाही. मुलाला शेपूट म्हणते, कारण तो तिच्या मागे असतो.

मुले ही मालमत्ता नसल्यामुळे ती कोणाच्या नावे करता येत नाहीत, हे वकीलबाईंनी मला दोनदा समजावले. पण माझ्यानंतर हे घर बंद झाले तर कार्यालय या दोघांना दोन वेगळ्या घरी पाठवील. भावंडांना एकत्र घेणारे दुसरे घर त्यांच्या यादीत नाही. ते होऊ नये म्हणून हे मृत्युपत्र आहे. बाकीचे सगळे ओघाने आले आहे.

२. जनावरे. दवाखान्यात लोक जनावर आणून ठेवायचे, संध्याकाळी नेतो म्हणायचे आणि परत तोंड दाखवायचे नाहीत. कुत्र्यामांजरांना कोणीतरी भेटते. ज्यांना कोणी भेटले नाही ती माझ्याबरोबर घरी आली. सध्या चार आहेत. एक जमिनीवरचे कासव, जे वयाने मला वडील असावे. एक घुबड, डोळा एकच. एक हिरवा सरडा, शेपटीसकट चार फूट. आणि एक साळिंदर, जे कोणालाच जुमानत नाही. सरडा न्हाणीघरात राहतो, कारण तिथे ऊब असते. आंघोळीला जाण्यापूर्वी दार वाजवावे. तो उत्तर देत नाही, पण मुलांना चांगली सवय लागते. ही चारही जनावरे घरासोबत राहतील, त्यांना हलवू नये. कोणाला काय आणि कधी खायला घालायचे ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहिले आहे. भिंत पुसली गेली तर चौकशीला विचारावे.

३. माझा भाऊ. यजमान गेले त्याच आठवड्यात तो म्हणाला की हे घर नसून सर्कस आहे, ते विकावे आणि मी त्याच्या तळमजल्यावरच्या खोलीत राहायला यावे. सर्कस मी मनावर घेतली नाही. त्यानंतर साळिंदराला पायाने सरकवायला गेला आणि पोटरीत सात काटे घेऊन परतला, तेही मी मनावर घेतले नाही. पण एकदा जेवणाच्या टेबलावर, तेव्हा आमच्याकडे असलेल्या तीन मुलांसमोर, तो म्हणाला, "यांचं काय, आज आहेत, उद्या नाहीत." त्यातल्या सर्वांत लहान मुलाने त्या रात्री आपली पिशवी भरून दाराशी ठेवली. ते मी विसरलेले नाही. सबब ते टेबल मी भावाला देते. त्याच्या एका कडेला मुलांनी चमच्याने पाडलेल्या रेघा आहेत. त्याने त्या बाजूला बसून जेवावे.

४. यजमानांची हत्यारे, म्हणजे रंधे, पटाश्या, करवती आणि शिकंजा, आमच्याकडे आलेल्या पाचव्या मुलाला द्यावीत. तो आता बोटी दुरुस्त करतो. मोठ्या पटाशीचा दांडा त्याने फोडला होता आणि यजमानांनी तो स्वतःच्या हातून फुटल्याचे मला सांगितले होते. दोघांनी मिळून मला बनवले. मला ते पहिल्याच दिवशी कळले होते, हेही त्याला सांगावे.

५. पडद्याची खोली. हे कलम मालमत्तेबद्दल नाही, पण त्यावाचून पुढचे कळणार नाही. नवे जनावर आले की त्याला आडोसा द्यायचा, ठरल्या वेळी खाणे ठेवायचे आणि मागे न बघता निघून यायचे. डोळ्यांत बघायचे नाही, हाका मारायच्या नाहीत. त्याला वाटेल तेव्हा ते आपण होऊन बाहेर येते. एकतीस वर्षे दवाखान्यात मी हेच शिकले, आणि मुलांनाही तेच लावले. मागच्या खोलीतल्या पलंगाभोवती यजमानांनी दांडी बसवून पडदा लावला. कासवाला बाहेर यायला सात दिवस लागले होते, घुबडाला महिना, पाचव्या मुलाला चार दिवस. कार्यालयाच्या बाई या पद्धतीचे कौतुक करत आणि मी ते ऐकून घेत असे.

नववी मुलगी आठ वर्षांची होती. बारीक आणि टोकदार, म्हणून टाचणी. ती एकोणीस दिवस पडद्याआड राहिली. ताट रिकामे परत येत असे, म्हणून मी निश्चिंत होते. यजमान एकदा म्हणाले की हाक मारून बघू या. मी म्हणाले, घाई केली की बिथरतात. विसाव्या दिवशी कार्यालयाच्या बाई आल्या तेव्हा टाचणीने पडद्याआडूनच सांगितले की तिला दुसरीकडे जायचे आहे. ती गेली. वहीत मी लिहिले, "जुळले नाही."

दोन वर्षांपूर्वी ती दारात उभी राहिली. आता चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचे काम करते. म्हणाली, कासव बघायला आले, तेव्हा नुसतेच ऐकले होते. कासव बघून झाल्यावर स्वयंपाकघरात बसली आणि सरळ आवाजात म्हणाली, "मावशी, तुम्ही ताट ठेवायला यायचात तेव्हा मी पडद्याला लागूनच बसलेली असायचे. आज बोलावतील असं वाटायचं. पावलं परत फिरली की कळायचं, आजही नाही."

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, ठीक आहे. ते ठीक नाही. मला त्याचे फार वाईट वाटते, आणि ते कमी व्हावे अशी कोणतीही तरतूद मी या मृत्युपत्रात केलेली नाही.

तेव्हापासून ती दर रविवारी येते. मी कानाला खडा लावला. चौकशी आणि शेपूट आले त्या दिवशी पडद्यापाशी उभी राहून मी दोघांना नावाने हाका मारल्या. अर्ध्या तासात दोघे बाहेर आले. रविवारी शेपूट हल्ली टाचणीच्या मागे असतो आणि चौकशीला ते फारसे आवडलेले नाही.

६. राहते घर, मागच्या अंगणासह आणि त्यातल्या सर्व पिंजऱ्यांसह, मी टाचणीच्या नावे करते. माझ्या मृत्यूनंतर तिने या घरात राहायला यावे आणि दोन्ही मुलांना सांभाळण्यासाठी कार्यालयाकडे अर्ज करावा, अशी माझी इच्छा आहे. ही अट नव्हे. तिने नकार दिला तरी घर तिचेच.

७. बँकेत जे काही असेल ते दोन्ही मुलांच्या शिक्षणासाठी ठेवावे. व्यवस्था वकीलबाई पाहतील. माझ्या अंत्यविधीला कोणी लांबलचक बोलू नये. घुबड दिवसा झोपते.

८. वरील मजकूर लिहून झाल्यावर वकीलबाईंनी मला विचारले की टाचणीला यातले काही ठाऊक आहे का. मी नाही म्हणाले. मृत्युपत्र वाचून दाखवतील तेव्हा तिला कळेल, तोवर तिच्यावर ओझे कशाला, असेही म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवले. कार्यालयाचा नियम असा आहे की मुलांना पुढे सांभाळणारे माणूस आधी सहा महिने त्यांच्यासोबत राहिलेले असावे लागते. म्हणजे मी गेल्यावर ती आली, तर तोवर मुले दोन दिशांना गेलेली असतील. हा नियम मला माहीत होता. मी त्याच्याकडे काणाडोळा केला होता, कारण विचारले असते तर ती नाही म्हणू शकली असती.

वकीलबाई म्हणाल्या, "बाई, तुम्ही पुन्हा ताट ठेवून मागे फिरताय."

मी दुकानात फोन लावला. वकीलबाई आणि दोन्ही साक्षीदार समोर बसले होते, त्यामुळे जे बोलले ते त्यांनी ऐकले आहे. मी म्हणाले, "इथे राहायला ये. मुलांसाठी तर येच, पण मलाही तू हवी आहेस. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं." पलीकडे काच घासायचे यंत्र चालू होते. ते बंद झाले. मी फोन ठेवला नाही.

मग तिने विचारले, "मी सहाला सुटते. सामान आजच आणू का?"

दुरुस्ती: कलम ६ मधील "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द खोडले असून त्या जागी "आजपासून" असे वाचावे. खोडलेल्या जागेवर माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही आहे.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार, ज्यांच्या देखत मी सही केली आणि ज्यांनी माझ्या देखत सह्या केल्या:
१. (सही) शेजारचे घड्याळजी
२. (सही) कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: १४ मार्च २०२३, मंगळवार, दुपारी साडेचार