शिडीखालची बडबड

प्रिय ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरलीये, टेबलाला धरून जेवढं वाकता आलं तेवढं गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींची तब्येत, भाऊजींचा रुबाब आणि भाऊजींनी स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलेलं ते कपडे धुण्याचं मशीन, तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा आहे. मशीनचं आपलं सहज विचारलं.

इकडचं विशेष म्हणजे गेल्या सोमवारी मी सपाट गालिच्यावरून पडता पडता वाचलो. तुला माहीतच आहे, गोदामाच्या छताचे दिवे बदलण्याचं काम मी एकोणीस वर्षं करतोय. मी वर आणि शिडी धरायला खाली रेडिओ. (त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागतं.) आमचा नियम एकच, खालच्याने तोंड बंद ठेवायचं नाही. आवाज येतोय म्हणजे शिडी धरलेली आहे. आवाज थांबला की मी आहे त्या पायरीवर थांबतो. त्यामुळे खाली बघावं लागत नाही. मी खाली बघितलं की काय होतं, ते लहानपणी मला पाण्याच्या टाकीवरून उतरवणाऱ्या तुला वेगळं सांगायला नको.

तर आमच्या (म्हणजे भाऊजींच्याही) कंपनीने सुरक्षेच्या प्रशिक्षणासाठी नवं यंत्र आणलंय. डोळ्यांवर आणि कानांवर डबा, हातात थरथरणारे मोजे, अंगात तापणारं जाकीट, समोर पंखा आणि नाकाशी वास सोडणारी डबी. एवढा साज तर माझ्या लग्नातही नव्हता. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, सगळं खोटं आहे हं." पण नापास झालो तर शिडी बंद आणि सामानाच्या खोलीत बदली, हे मात्र खरं होतं. म्हणजे आमची जोडीही फुटणार. रेडिओचं इतकं ऐकून घेणारा दुसरा कोण मिळणार?

डबा बांधला आणि मी थेट गोदामात! तापलेल्या तेलाचा वास, तोंडावर वारा, हाताखाली थरथरणारी शिडी. सातव्या पायरीवर लक्षात आलं, खाली कुणी बोलतच नाहीये. नियमाप्रमाणे थांबलो. यंत्र म्हणालं, पुढे चला. मी म्हटलं, आधी रेडिओला बोलू दे. तो बिचारा शेजारी उभा राहून घसा फोडत होता म्हणे, पण माझ्या कानांत नुसता वारा. शेवटी नको तेच केलं, खाली बघितलं. पुढचं मला इतरांकडून कळलं. मी गालिच्यावर पालथा पडून खुर्चीचा पाय दोन्ही हातांनी आवळला होता आणि "ताई! ताई!" म्हणून हाका मारत होतो. खुर्चीत बाई बसलेल्या होत्या. पडद्यावर लाल अक्षरांत 'नापास'.

तेव्हा रेडिओ पुढे झाला. "बाई, तुमच्या यंत्रात शिडी धरायला माणूसच नाही! मग पास कोण होणार, माकड?" बाई आधी हसल्या, मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. म्हणाल्या, चूक आमचीच आहे. त्यांनी त्याच्यासमोर माइक ठेवला आणि सांगितलं, बोला. (हा शब्द त्याने जन्मात पहिल्यांदा ऐकला, त्याचे डोळे भरून आले.) अकरा मिनिटं तो बोलला. बुधवारी तो आवाज कानात घेऊन मी चढलो, दिवा बदलला, त्यावरच्या खोट्या धुळीने खरा शिंकलो आणि पास होऊन उतरलो. शिडी शाबूत, जोडी शाबूत.

बाकी सगळं ठीक. भाऊजींना नमस्कार.

तुझा, सध्या जमिनीवर असलेला,
धाकटा

ता. क. बाईंना रेडिओचा आवाज इतका आवडला की कंपनीच्या सगळ्या शाखांतल्या यंत्रांत तोच घालणार आहेत. भाऊजींच्या शाखेतही. त्यांची पाळी शुक्रवारी आहे.

आणखी एक ता. क. बोला म्हटल्यावर रेडिओ आमच्या नेहमीच्याच गप्पा बोलला. चौथ्या मिनिटाला तुमचं कपडे धुण्याचं मशीन येतं. भाऊजींनी ते जोडल्यावर उरलेले सहा स्क्रू, तुझा घाबरलेला फोन, ते फिरायला गेल्यावर मी मागच्या दाराने येऊन केलेली दुरुस्ती, काहीही गाळलेलं नाही. (रेडिओ तेव्हा विजेरी धरून होता.) म्हणून हे पत्र. ताई, शुक्रवारच्या आत तूच त्यांना काय ते सांगून टाक. चौथ्या मिनिटाला माणूस नवव्या पायरीवर असतो, आणि धरायला खुर्चीचा पाय दर वेळी सापडेलच असं नाही.